काडीची सावली कागदावर उतरली का नाही? हळदीच्या ऊनचित्रांचं एक प्रकरण

सातारा जिल्ह्यातली एक माध्यमिक शाळा, सातवीचा वर्ग, जानेवारीचा शेवटचा आठवडा. कलेचा तास पस्तीस मिनिटांचा. कलाशिक्षिकेने उपक्रम ठेवला होता तो हळद लावलेल्या कागदावर उन्हाकडून चित्र काढून घेण्याचा. वर्गाचे चार-चार जणांचे आठ गट होते. पहिल्या दिवशी सात गटांनी पानं, पिसं आणि गवताची तुरं काचेखाली दाबून ठेवली. आठव्या गटाने कागदाच्या मधोमध चिकणमातीचा गोळा ठेवला, त्यात कडुनिंबाची एक काडी उभी रोवली आणि कागद दिवसभर उघड्या अंगणात ठेवला. काडीची सावली फिरेल आणि पंख्यासारखा आकार उमटेल, हा त्यांचा अंदाज होता.

संध्याकाळी सातही गटांची पानं स्वच्छ उमटली होती. आठव्या गटाच्या कागदावर मातीच्या गोळ्याखालचा एक पिवळाधमक ठिपका उरला होता, त्याला लागून बोटभर धूसर डाग, आणि बाकी सगळा कागद फिका. “बाई, सावली तर दिवसभर पडली होती, मग गेली कुठं?” हा प्रश्न त्या गटाचा होता, पण पुढचे दहा-बारा दिवस तो सगळ्या वर्गाचा झाला. हे प्रकरण त्या कागदाचं आहे.

तंत्र आणि त्यामागचं कारण

हळदीचा पिवळा रंग कुरकुमिनचा. कुरकुमिन निळा-जांभळा प्रकाश शोषतं आणि तो शोषता शोषता स्वतःच मोडत जातं. त्याच्या मोडीतून जे पदार्थ होतात ते जवळजवळ रंगहीन असतात. म्हणून ऊन लागलेला भाग फिका होतो आणि झाकलेला भाग पिवळा राहतो. लग्नाच्या हळदीचे कपडे उन्हात वाळत घातले की डाग आपोआप उतरतात, तेही याच कारणाने.

हे तंत्र जुनं आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी फुलांचे रस कागदाला लावून उन्हात ठेवण्याचे प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८४२ साली प्रसिद्ध केले. आज सायनोटाइप म्हणून ओळखली जाणारी निळी छायाचित्रंही त्याच लेखात आहेत. पाकळ्या खलात कुटायच्या, थोडं अल्कोहोल घालायचं, फडक्यातून पिळायचं आणि रुंद ब्रशने कागदावर पसरायचं, ही त्यांची रीत आजही तशीच चालते. वनस्पतीचा रंग साधारणपणे त्याच्या विरोधी रंगाच्या (पिवळ्याला निळा, तसा) किरणांनी उडतो, ही त्यांची नोंद या प्रकरणात फार कामाची ठरली. स्कॉटिश विज्ञानलेखिका मेरी सॉमरव्हिल यांनी वनस्पतींच्या रसांवर केलेले अशाच प्रकारचे प्रयोग १८४५ साली रोमहून पत्राने हर्शेलना कळवले. दोघांच्याही कामात साध्य आधी ठरलेलं नव्हतं. बागेत जे फुललं असेल ते कागदावर लावून काय होतं ते पाहायचं, अशी ती पद्धत होती.

कागद तयार करताना

आठ गटांना प्रत्येकी चार छोटे कागद (ए-फाइव्ह आकाराचे) पुरावेत म्हणून ६० ग्रॅम हळद आणि ३०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं, म्हणजे वजनाने एकाला आकारमानाने पाच. हळद हळकुंडं आणून दळलेली होती. पाकिटातल्या हळदीत कधीकधी कृत्रिम पिवळा रंग मिसळलेला असतो, तो उन्हाने सहज उडत नाही आणि कागद दिवसभर ठेवला तरी ढिम्म राहतो. कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही. पाण्यात कालवलेली हळद कागदावर भुकटीसारखी बसते, वाळली की झडते आणि चित्र दाणेदार येतं. म्हणून अल्कोहोलला पर्याय नाही. औषधांच्या दुकानात मिळणारं सत्तर टक्क्यांचं चालतं. ते हळू वाळतं म्हणून ब्रशचे पट्टे कमी पडतात, पण कागद थोडा आक्रसतो. पॉलिशवाल्यांचं स्पिरिट मात्र मुलांच्या हाती देऊ नये, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं. सॅनिटायझरही नको, त्यातल्या ग्लिसरीनने कागद चिकट राहतो.

बरणी झाकण लावून पंधरा मिनिटं अधूनमधून हलवली, मग दुहेरी मलमलीतून गाळली. चोथ्यात बरंच अल्कोहोल अडकून राहतं. तीनशेचे सव्वादोनशे मिली हाती आले तरी पुष्कळ. हे काम शिक्षिकेने स्वतः व्हरांड्यात केलं. अल्कोहोलची वाफ पेट घेते, त्यामुळे जवळ स्टो, उदबत्ती, काहीही पेटतं नको. गाळलेला चोथा मोकळ्या हवेत पूर्ण वाळवून मगच टाकायचा.

कागद चित्रकलेचा, जाड, ओला होऊन न फाटणारा. मागच्या बाजूला नाव आणि तारीख आधीच पेन्सिलने लिहून घ्यायची, कारण पेनची शाई अल्कोहोलने फुटते. लेप सावलीत आणि दोन इंची सपाट ब्रशने द्यायचा, पहिला हात आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. ए-फाइव्ह कागदाला दोन्ही हात मिळून साधारण पाच मिली लागतं. चूक हमखास होते ती इथे. अल्कोहोल काही क्षणांत उडतं, आणि अर्धवट वाळलेल्या पट्ट्यावर ब्रश परत फिरवला की तिथे रंग दुप्पट बसतो. ती रेघ शेवटपर्यंत चित्रात दिसत राहते. ब्रश भरून घ्यायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच न्यायचा आणि मागे वळायचं नाही.

लेप दिलेला प्रत्येक कागद थोडा कापून त्याची दोन बोटं रुंद पट्टी बाजूला काढली. तिचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ती चित्राशेजारीच उन्हात ठेवायची. या साक्षीपट्टीविना मोकळा प्रयोग नुसता गोंधळ होतो. कागद फिका पडला तो उन्हाने की उष्णतेने, लेप मुळातच पातळ होता का, किती उतरला, या सगळ्याचं उत्तर ती पट्टी देते. फॉइलखालचा भागही तापतो पण त्याला प्रकाश लागत नाही, आणि तो पिवळा राहिला म्हणजे काम प्रकाशाचंच.

पहिल्या दिवशीच्या पानांबद्दल थोडक्यात. ताजं पान काचेखाली ठेवलं की घाम धरतं, रस सुटतो आणि कागदावर तपकिरी डाग पडतात; दोन दिवस रद्दीत दाबलेलं पान घ्यावं. परीक्षेचं पॅड खाली, कागद, पान, वर कडा घासलेली काच, आणि चारही बाजूंना क्लिपा. मध्येच डोकावून पाहायचं असेल तर एकाच बाजूच्या क्लिपा काढायच्या, म्हणजे पान जागचं हलत नाही. जानेवारीच्या स्वच्छ उन्हात साडेनऊला ठेवलेला कागद मधल्या सुट्टीपर्यंत वाचता येतो आणि चार वाजेपर्यंत पुरा होतो. हळदीवर पातळ पानही गडद उमटतं, कारण हरितद्रव्य निळा प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवतं आणि हळदीला नेमका तोच लागतो. बिटाचा गुलाबी-जांभळा रस लावलेल्या कागदावर तेच पान मवाळ दिसतं. बिटाचा रंग उडवणारा हिरवा प्रकाश पानातून थोडा गळतो, म्हणून.

सावली कुठे गेली

आता आठव्या गटाचा कागद. शिक्षिकेने उत्तर सांगितलं नाही. तिने काडी पुन्हा रोवायला लावली आणि सावलीच्या टोकाशी दर अर्ध्या तासाने खडूची खूण करायला सांगितलं. खुणांवरून पहिलं कारण मुलांच्याच लक्षात आलं. काडी पेन्सिलीएवढी जाड. बुंध्यापासून पाच-सहा सेंटिमीटरवरच्या एखाद्या जागेवर तिची सावली जेमतेम अर्धा तास टिकते, बाकी साडेपाच-सहा तास ती जागा उन्हातच असते. म्हणजे त्या जागेला शेजारच्या कागदापेक्षा फार तर बारावा हिस्सा ऊन कमी मिळालं. एवढा फरक हळद दाखवते, पण आपल्या डोळ्याला फिक्या पिवळ्यावर तितकाच फिका पिवळा दिसतो. बुंध्याजवळ मात्र सावलीची रुंदी न बदलता फिरण्याचं अंतर कमी होतं, तीच जागा तास-दोन तास झाकलेली राहते. धूसर डाग आला तो तिथे.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि बहुतेक ठिकाणी ते सुटून जातं. सावलीत सूर्य नसतो, पण आकाश असतं, आणि आकाश निळं असतं. डोळ्याला काळपट दिसणाऱ्या त्या सावलीत चहूबाजूंनी निळा प्रकाश येत असतो आणि हळदीचा रंग मोडतो तो नेमका निळ्यानेच. म्हणजे हळदीच्या लेखी सावली आपल्याला वाटते तेवढी गडद नसतेच. हर्शेल यांची विरोधी रंगाची नोंद इथे अंगणात पडताळून पाहता आली. दोन पट्ट्या घेतल्या. एक उघड्या अंगणात भिंतीच्या सावलीत ठेवली, दुसरी वर्गात खिडकीपासून दूर. अंगणातली पट्टी सूर्य न लागताही दुसऱ्या दिवशी उतरलेली होती.

दोन्ही कारणं कळल्यावर गटांनी आपापल्या वाटा धरल्या. शिक्षिकेने फक्त तीन गोष्टी पक्क्या ठेवल्या: लेप तोच, कागद तोच आणि साक्षीपट्टी हवीच. बाकी काय ठेवायचं, कसं ठेवायचं, किती वेळ, हे मुलांचं. सगळ्या मुलांनी एकसारखं पान एकसारख्या पिवळ्या कागदावर उमटवलं तर ती चांगली हस्तकला होते, पण त्यातून निसर्गाला प्रश्न विचारला जात नाही. आणि सगळंच एकदम बदललं तर आलेल्या उत्तराचा अर्थ लावता येत नाही. एका कागदावर एकच गोष्ट बदलायची, एवढी शिस्त पुरते.

एका गटाने काडी सोडून करवंटीचा उभा तुकडा लावला. रुंद वस्तू, रुंद सावली. पंखा उमटला, पण आकार बोजड. एका गटाने खराट्याचे हीर ओळीने रोवले. त्यांच्या सावल्या एकमेकींवर सरकत गेल्या आणि ओळीच्या पायथ्याशी एकजीव पिवळा पट्टा तयार झाला, वर झालरीसारखी कड. तो अपेक्षित नव्हता आणि सुंदर होता. एका गटाने कागद लवकर, अकरालाच उचलला. अर्धवट उतरलेल्या कागदावर सकाळच्या सावलीची एक बाजू दिसली, पण उरलेला दिवस चित्रातून गळाला.

तुकड्यातुकड्याने ऊन

आठव्या गटाचा मार्ग सगळ्यांत चोख निघाला. सावली सतत फिरते म्हणून पुसली जाते, तर तिला फिरू द्यायचं नाही. कागद दिवसातून तीनदाच उघडायचा, मध्ये झाकून ठेवायचा, आणि असं लागोपाठ चार दिवस त्याच वेळांना करायचं. सूर्य चार दिवसांत त्याच घड्याळी वेळेला जवळजवळ त्याच जागी असतो, त्यामुळे सावली पुन्हा आपल्याच ठशावर पडते.

वेळा ठरल्या त्या अशा: सकाळी साडेनऊपासून पाऊण तास, दुपारी बारा पस्तीसपासून पंचवीस मिनिटं, आणि साडेतीनपासून पाऊण तास. दुपारची वेळ बारा का नाही? साताऱ्याकडे जानेवारीअखेर सूर्य सर्वांत उंच येतो तो पाऊण वाजण्याच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ प्रयागराजजवळून (पूर्वीचं अलाहाबाद) जाणाऱ्या रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. शिवाय या दिवसांत सूर्य घड्याळाच्या तेरा मिनिटं मागे असतो. सकाळ-संध्याकाळ वेळ जास्त दिली, कारण तिरपं ऊन आडव्या कागदावर पसरून पातळ होतं आणि त्यातला निळा भाग हवेतच विखुरतो. वेळा सारख्या ठेवल्या असत्या तर दुपारची सावली एकटीच उमटली असती.

जागा बदलू नये म्हणून पॅड फरशीवर ठेवून त्याचे चारही कोपरे खडूने आखले आणि दोन बाजूंना विटा लावल्या. काडी मातीत रोवलेली तशीच पॅडवर राहिली. झाकण्यासाठी वरून उलटी बादली. पहिल्या दिवशी माती वाळून भेगाळली आणि काडी कलली. मातीत बारीक चिरलेला काथ्या मळल्यावर ती टिकली. आकाशाचा प्रकाश कापण्यासाठी तळ काढलेलं बुटाचं खोकं आतून काळ्या कागदाने मढवलं, एका बाजूला रुंद खिडकी कापली आणि ते कागदाभोवती उभं केलं. प्रत्येक वेळी खोकं फिरवून खिडकी सूर्याकडे करायची, पॅडला हात लावायचा नाही. खिडकी अरुंद झाली तर खोक्याच्या कडेचीच सावली कागदावर येते, म्हणून ऊन आत नीट पडतंय याची खात्री करून मगच बादली उचलायची.

चौथ्या दिवशी कागदावर तीन बोटं होती. एक लांब आणि फिकं, पश्चिमेकडून थोडं उत्तरेला झुकलेलं, ते सकाळचं. एक आखूड, थेट उत्तरेला, दुपारचं. तिसरं पूर्वेच्या अंगाला, सकाळच्याइतकंच लांब. तिन्ही बुंध्याशी मिळतात तिथे रंग सगळ्यांत गडद, कारण ती जागा तिन्ही वेळी झाकलेली होती. बोटांत मात्र एकूण उन्हाचा तिसरा हिस्साच कमी पडलेला, म्हणून कडा स्पष्ट असूनही रंग हलका होता. पांढरटावर पिवळं तसंही डोळ्याला कमी दिसतं.

यावर उपाय टाकणखाराचा (बोरॅक्सचा). हळदीचं कुंकू करताना जे घडतं तेच इथे घडवायचं: क्षार लागला की उरलेली हळद पिवळ्यावरून तपकिरी-तांबडी होते, आणि जिथे हळद उरलीच नाही ती जागा फिकीच राहते. एका पेल्याएवढ्या, म्हणजे २०० मिली पाण्यात एक चहाचा चमचा टाकणखार विरघळवून पसरट ताटात घ्यायचा. कागद त्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायचा, बाहेर काढून साध्या पाण्यातून एकदा फिरवायचा आणि टीपकागदावर सावलीत पालथा टिपायचा. जास्त वेळ ठेवला तर चित्र बिघडतं: हळद साध्या पाण्यात विरघळत नसली तरी क्षाराच्या पाण्यात थोडी सुटते आणि कडा पसरतात. कॅरमची पावडर हा टाकणखार नव्हे. ती बोरिक ॲसिड, आम्लाच्या अंगाची, आणि अशा बुडवण्याने तिच्यातून हा तपकिरी रंग मिळत नाही. चुन्याच्या निवळीने लाल रंग झटकन येतो, पण टाकणखाराइतका टिकत नाही. मुलांनी हातमोजे घालावेत, ताट जेवणाचं नसावं, आणि उरलेलं पाणी झाडांना घालू नये, जास्त बोरॉन झाडांना मारतं.

टाकणखारानंतर तिन्ही बोटं वर्गाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसू लागली. मग हिरांच्या गटाने टाकणखाराचं पाणी ब्रशने फक्त झालरीच्या कडेवर लावलं आणि पट्टा पिवळाच ठेवला. एकाच कागदावर दोन रंग मिळाले, आणि त्यातला एक उन्हाला अजून संवेदनशील असल्याने काम पुढेही चालू ठेवता येण्यासारखं.

जपणूक आणि राहिलेलं काम

ही चित्रं पक्की करण्याचा उपाय हर्शेलना सापडला नाही आणि आजही नाही. जो प्रकाश चित्र काढतो तोच ते पुसतो. अतिनील किरण अडवणारी महागडी काच लावली तर ऱ्हास मंदावतो, थांबत नाही, कारण हळदीचा मुख्य शत्रू साधा निळा प्रकाश आहे आणि तो त्या काचेतून येतोच. त्यामुळे शाळेच्या फलकावर मूळ कागद लावायचे नाहीत. टाकणखार धुऊन कागद पुरता वाळला की त्याच दिवशी सावलीत, फ्लॅश न वापरता मोबाइलने फोटो काढायचा. मूळ कागद काळ्या कागदात घालून जाड वहीत ठेवायचा, आणि ओलसर कपाट टाळायचं, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. प्रदर्शनात काचेवर जाड कापडाचा पडदा, पाहणाऱ्याने उचलायचा आणि सोडायचा. पडदा किती वेळ उघडा राहिला हे चित्रावर दिसत जातं. काही गटांनी तेही चित्राचाच भाग मानून शेजारी झाकलेली साक्षीपट्टी लावली.

आठव्या गटाचा पुढचा कागद मे महिन्यासाठी राखून ठेवला आहे. साताऱ्यावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टात ढग असतात, म्हणून उपयोगाचा मेच. त्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला उभ्या काडीला सावलीच नसते. त्यामुळे दुपारचं बोट नाहीसं होऊन सकाळ-संध्याकाळची दोनच उरायला हवीत, तीही उत्तरेकडे कलण्याऐवजी किंचित दक्षिणेकडे. सुट्टीत हे घरच्या अंगणात करायचं तर मेच्या उन्हासाठी वेळा कमी कराव्या लागतील: दुपारी पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून साक्षीपट्टी पाहत वाढवायच्या. काडी ओळंब्याने सरळ केलेली असली पाहिजे. ती थोडी जरी कलली असली तरी बिनसावलीच्या क्षणी तिची बारीक सावली पडते, आणि दुपारचं बोट परत उमटतं.